बोडकी फांदी

१

कस्तुराबाई उघड्या गटारात पडली ती पुरतं फटफटायच्या आत, आणि ऊन वर येईपर्यंत साऱ्या करंजवाडीनं निकाल लावूनही टाकला होता. चूक रतन मुकादमाची!

करंजवाडी म्हणजे घोरावाडी स्टेशन आणि सोमाटणे फाटा यांच्या मधली वस्ती. आधी नुसतं गाव होतं, आता नगरपंचायत झाली आहे. म्हणजे खड्डे तेच, फक्त ते कुणाचे म्हणून विचारायला ऑफिस एक जास्त. स्टेशनरस्त्याचंच घ्या. बांधकाम खातं म्हणायचं, आम्ही तो जिल्हा परिषदेला दिला. जिल्हा परिषद म्हणायची, आम्ही नगरपंचायतीला दिला. नगरपंचायत म्हणायची, आमच्याकडे अजून आलाच नाही. शेवटी यंदाच्या उन्हाळ्यात तो एकदाचा नगरपंचायतीच्या गळ्यात पडला आणि रतनच्या रोडगँगनं त्याचा फूटपाथ दुरुस्त केला. नवे सिमेंटचे ब्लॉक बसवले, गटारावरचे ढापे, म्हणजे ती काँक्रीटची जडशीळ झाकणं, एका रेषेत आणली. ते काम संपलं आदल्या संध्याकाळी.

कस्तुराबाई रोज पहाटे शेवग्याच्या शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन स्टेशनवर विकायला जायची. फूटपाथ धड नव्हता तोवर ती डंपर चुकवत रस्त्यातून जायची. त्या दिवशी म्हातारी हौसेनं नव्या फूटपाथवरून गेली, आणि घराच्या फाटकापासून जरा पुढे गेली नाही तोच उघड्या ढाप्यातून खाली कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. तिला वर काढलं तेही रतननंच, कारण झाडलोट करायला तो सगळ्यांच्या आधी तिथं आला होता.

नगरपंचायतीची कनिष्ठ अभियंता सविता असवले स्कूटरवरून उतरली तेव्हा शेंगा अजून गटारात पसरलेल्या होत्या आणि फूटपाथवर माणसं दाटली होती. सगळ्यात मोठा आवाज होता कस्तुराबाईच्या मुलाचा, संदेशचा. तो एका कारखान्यात पाळीवर काम करायचा. आईला दवाखान्यात पोचवून, बहिणीला तिच्याजवळ बसवून तो परत आला होता तो भांडायलाच.

"ह्या रतनला आधी घरी बसवा!" तो ओरडत होता. "ढापा उघडा टाकून जातात म्हणजे काय? आमच्या दारात वरच्या बिल्डिंगचं घाण पाणी तुंबतं, त्याला कोण विचारत नाही. वर ब्लॉकची रांगोळी काढली की झालं काम!"

रतन कडेला उभा होता. शर्टाला गटाराचा चिखल तसाच.

"मॅडम, जय भीम," तो हळूच म्हणाला. "आमी ढापा उघडा टाकून गेलोच न्हाई. आन टाकलाच असता तर वर निरगुडीची फांदी लावली असती की."

सवितानं मान डोलावली, पण तिचं लक्ष ढाप्याकडे होतं. ढापा फूटपाथच्या आतल्या अंगाला, घरांच्या बाजूला सरकवलेला होता, आणि नव्या कोऱ्या ब्लॉकवर त्याच्या ओढण्याचा पांढरा ओरखडा उमटला होता. तिनं वाकून खाली पाहिलं. गटारातून पाणी झुळझुळ वाहत होतं.

"रतनभाऊ, गटार कधी साफ केलंत?"

"आमी न्हाई केलं. आमाला वरचं काम सांगितलं हुतं, खालचं न्हाई."

शेंगांच्या खाली काहीतरी अडकलं होतं. सवितानं हात घालून ओढून काढलं. अंगठ्याएवढी जाड, कमरेइतकी लांब काठी. एक पान नाही, आणि साल जागोजाग सोललेली.

तेवढ्यात मुख्याधिकारी साहेब गाडीतून उतरले. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना प्रत्येक गोष्ट जेवणाच्या सुट्टीआधी मिटलेली लागायची. काठी बघून त्यांनी रतनला विचारलं, "खड्ड्यात फांदी रोवून ठेवायची पद्धत तुमच्या गँगचीच ना?"

"व्हय, साहेब."

"मग झालं तर! ढापा तुम्हीच उघडा ठेवला, आणि वर ही बोडकी काठी रोवून मोकळे झालात. अंधारात ती दिसणार कुणाला?" साहेब सविताकडे वळले. "संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. याचं कायम करण्याचं प्रकरण माझ्या सहीला आलंय. ते परत पाठवतो."

रतनच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं रोजंदारीवर खड्डे बुजवल्यानंतर ती एक सही व्हायची राहिली होती.

"साहेब, पद्धत आमचीच हाय," तो म्हणाला, "पर ही काठी आमची न्हाई."

लोक हसले. सविताला हसू आलं नाही.

२

आधी ती गेली समोरच्या निलेशकडे. निलेशचं चिक्कीचं दुकान. लोणावळ्याची चिक्की लोणावळ्याला न जाता मिळते, अशी पाटी. दुकानासमोर त्यानं फूटपाथवर ऐसपैस ओटा बांधला होता, आणि गँगनं तो परवाच फोडला होता. तेव्हा त्यानं रतनला भर रस्त्यात दम भरला होता, 'तुझी नोकरी कशी टिकते बघतोच!'

"तुमचा कॅमेरा आहे ना?" सवितानं विचारलं.

"आहे की. पण त्यात गल्ला दिसतो. रस्ता बघून मला काय करायचंय?"

"रतनला दम भरला होतात म्हणे."

"भरला होता. आणि परत भरेन!" निलेश चिक्कीचा तुकडा मोडत म्हणाला. "पण ऐका, मला त्याला अडकवायचाच असता ना मॅडम, तर मी ढापा उघडून घरी गेलो असतो. काठ्या कशाला रोवत बसलो असतो?"

बोलणं उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. सविताला ते मनातून पटलं आणि त्याचाच जास्त राग आला. दुकानाच्या मागे शेवग्याचं उंचच उंच झाड होतं. ती काठी डोक्यात होती, म्हणून निघता निघता तिनं ते बघितलं. शिडीशिवाय हात पोचेल अशी एकही फांदी नव्हती.

मग प्रदीप. हा इंटरनेटची केबल टाकणाऱ्यांचा सुपरवायझर. याची पोरं कुठलाही ढापा कधीही उघडायची, परवानगी वगैरे नंतर. सवितानं त्याला फाट्यावर चहाच्या टपरीवर गाठलं.

"प्रदीप, खरं सांग. काल स्टेशनरस्त्यावर ढापा उघडलास?"

"आईशप्पथ नाही, मॅडम! एरवी उघडतो, नाही म्हणत नाही. पण काल सगळी पोरं उर्से टोलनाक्यापाशी अडकली होती. तिथं आमचीच केबल तुटली, पहाटेपर्यंत जोडत होतो. तिथल्या कुणालाही विचारा." त्यानं आपल्या टेम्पोकडे बोट केलं. मागे केशरी प्लॅस्टिकचे सुळके एकात एक घालून रचलेले होते. "आणि आम्ही उघडलं की हे ठेवतो. झाडाच्या फांद्या कोण आणत बसतो?"

सवितानं उर्शाला फोन लावून खात्री करून घेतली. प्रदीप सुटला.

म्हणजे उरलं कोण? राग होता त्यानं फांदी लावली नसती. केबलवाल्यांनी सुळके ठेवले असते. फांदी लावणारी माणसं करंजवाडीत एकच, रतनची गँग. सविता जेवढी चौकशी करत होती, तेवढा रतनच्या गळ्याभोवतीचा फास आवळत चालला होता. हे असं होऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं, पण वाटण्यावर अहवाल लिहिता येत नाही.

३

दुपारी ती परत त्या ढाप्यापाशी आली. रतननं गटाराला दोरी बांधली होती आणि मधोमध निरगुडीची डेरेदार फांदी रोवली होती. स्वतः तो करंजाच्या सावलीत बसला होता. डबा उघडलाही नव्हता.

"जेवा की, रतनभाऊ."

"जाईना घशाखाली, मॅडम. बायकोला अजून सांगितलं न्हाई. तिनं साखर वाटायला आणून ठिवलीय."

सविता काही बोलणार, तेवढ्यात गल्लीतून बोकड आला.

आता या बोकडाबद्दल सांगायला हवं. खंडोबाला सोडलेला हा बोकड. त्याला मालक नाही, दावं नाही, आणि लाजही नाही. दिवस नाही, रात्र नाही, अख्ख्या वस्तीत हिंडायचा. फुलांचे हार खायचा, निवडणुकीचे फलक खायचा, एकदा ग्रंथालयाच्या दारातलं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून खाल्लं होतं. देवाचा म्हणून कुणी हाकलायचं नाही. तो ऐटीत आला, रतननं रोवलेल्या फांदीला नाक लावलं, फुर्रर्र करून शिंकरला आणि तोंड फिरवून पुढे निघून गेला.

सविता जागच्या जागी उभी राहिली. "अगं बाई गं!" तिच्या तोंडून निघालं.

तिचं लहानपण आंदर मावळात शेळ्यांमागे गेलेलं. शेळी काय खाते आणि कशाला तोंड लावत नाही, हे तिला डिप्लोमाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. फक्त ऑफिसात बसून बसून ते कुठंतरी तळाशी जाऊन बसलं होतं.

"रतनभाऊ, तुम्ही निरगुडीच का लावता?"

"मग काय लावायचं? निरगुडीला जनावर तोंड लावत न्हाई. दुसरं कायबी लावा, सकाळच्याला काठी उरती. आमच्या आधीच्या मुकादमानं शिकिवलंय ते."

सवितानं स्कूटरच्या डिकीतून ती बोडकी काठी काढली. सालीवर खालच्या दातांचे बारीक चरे स्पष्ट दिसत होते. ती बोडकी रोवलीच नव्हती! रोवली तेव्हा तिला चांगली भरघोस पानं होती, ती रात्री बोकडानं ओरबाडून खाल्ली. आणि बोकडानं खाल्ली, म्हणजे ती निरगुडी नव्हती. म्हणजे गँगची नव्हती.

तिनं उरलेली साल नखानं खरवडली आणि नाकाशी नेली. मोहरीसारखा तिखट भपका आला. शेवगा.

"रतनभाऊ, ढापा तुम्ही कसा उचलता?"

"दोघं जण. आकडे लावून. आन ठिवतो रस्त्याच्या अंगाला, घरातल्यांच्या पायात नको म्हणून."

हा ढापा उचललेला नव्हता, पहारीनं ओढत नेलेला होता. म्हणजे एकटा माणूस. ठेवला होता घरांच्या बाजूला. म्हणजे तो माणूस घराकडून आला होता. आणि गटार आतून साफ होतं. पहिल्यापासून तेच तिच्या डोळ्यांसमोर वाहत होतं आणि तिला दिसलं नव्हतं! रात्री उठून सरकारी गटार उपसणारा माणूस कोण असेल? ज्याच्या दारात पाणी तुंबतं तो. निलेशचं दुकान तर पलीकडे उंचावर. त्याच्या दारात थेंब थांबत नव्हता.

सविता कस्तुराबाईच्या फाटकाकडे चालू लागली. घराला कुलूप होतं, पण अंगण उघडं होतं. अंगणात ठेंगणा, पसरट शेवगा. त्याची एक खालची फांदी कोयत्यानं तोडलेली, आणि तोडल्या जागी डिंकाचा ताजा, लालसर थेंब. बुंध्याभोवती काळा, ओला गाळ टाकलेला होता. तो गटारातला होता हे सवितानं वासावरूनच ओळखलं.

४

दवाखान्यात कस्तुराबाई उताणी पडून होती. पायाला वजन लावलेलं. उशाशी आता बहिणीच्या जागी संदेश बसला होता. सविताला बघून तो उठला.

"काढलं का त्याला?"

सविता त्याच्याकडे न बघता पुढे झाली. ती म्हातारीजवळ बसली. इथं आल्यावर तिची भाषाही आपोआप घरची झाली.

"मावशे, लय दुखतंय का गं?"

"दुखंना का बाई. आता हाड म्हातारं. पर म्या शेंगा कुटं टाकून आले बघ."

"रतनभाऊंनी गोळा केल्यात. धुऊन ठेवल्यात." तिनं पिशवीतून काठी काढून म्हातारीच्या हातात दिली. "हे काय असंल गं?"

कस्तुराबाईनं काठी फिरवून बघितली, अंगठ्यानं साल चोळली, नाकाशी नेली. जन्म गेला होता त्या झाडाच्या शेंगा विकण्यात.

"शेवगा हाय. आन हे खाल्लंय त्या देवाच्या मेल्या बोकडानं, अशीच साल ओढतोय त्यो. परवा माझ्या अंगणात..." ती थांबली. "कुटं घावली?"

"तू पडलीस तिथं. गटारात."

संदेश खिडकीकडे बघत होता. म्हातारीनं एकदा काठीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि मग नुसतं त्याच्याचकडे बघत राहिली.

"संदेश. फांदी तोडलीस तू?"

"आई, डॉक्टरनी बोलू नको सांगितलंय."

"म्या इचारलं काय?"

मोठा बाप्या माणूस, पण खुर्चीत मटकन बसला. मग सगळंच बाहेर आलं. आदल्या रात्री दुसरी पाळी संपवून तो घरी आला, तर दारात पुन्हा घोटाभर घाण पाणी. या ऑफिसातून त्या ऑफिसात हिंडून झालं होतं. जो तो सांगे, गटार आमचं नाही. आता वरून नवा फूटपाथ झाला, म्हणजे खालचं कुणी कधीच बघणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. पहार घेतली, एक ढापा ओढला, गाळ उपसला. ढापा परत ढकलायला गेला तर एकट्याला चढेना. सकाळी कुणाला तरी मदतीला घेऊ म्हणाला. कुणी पडू नये म्हणून शेवग्याची चांगली पसरट फांदी तोडून लावली आणि झोपला.

"उठलो ते तुझ्या ओरडण्यानं, आई. बाहेर आलो तर रतन तुला वर काढत होता, आणि माणसं त्यालाच बोलत होती. मी पण..." त्यानं खाटेची कड धरली. "मी केलं म्हणून कसं सांगू गं? तुझं हाड मी मोडलं म्हणून?"

कस्तुराबाईच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. ते तिनं पुसलं नाही.

"पाणी तुंबतंय, कायतरी कर, म्हणून रोज तुझ्यामागं मीच लागत हुते," ती म्हणाली. "तू केलंस. फांदी बी लावलीस. त्याचा मला राग न्हाई रं लेका. पर ज्यानं मला उचलून काढलं, त्याच्याच नावानं बोंब मारलीस? माझं हाड मोडलं तर मोडलं. त्याची भाकरी मोडू नगंस. ऊठ. जा त्या साहेबाकडं."

"उद्या जातो."

"आत्ता जा. न्हाईतर मला खाटंसकट ने!"

५

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. संदेशनं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, काही गाळलं नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे ढापा याचा, फांदी याची," ते म्हणाले. "पण गटार?"

"गटार आपलं, साहेब," सविता म्हणाली. "वरचा फूटपाथ आपला म्हणून मोजला, तर खालचं गटार दुसऱ्या कुणाचं कसं असेल? आपण गाळ काढला असता तर हा पहार घेऊन बाहेर आलाच नसता. मी अहवालात दोन्ही लिहिणार आहे."

साहेबांना ते आवडलं नाही हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण त्यांनी रतनचं प्रकरण पुढे ओढलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटाराचा उरलेला गाळ काढून झाला आणि ढापा बसवायची वेळ आली. संदेश कामावर गेला नव्हता. तो दोरीपाशी येऊन उभा राहिला. सविता कडेला होती. तिला वाटलं, आता शिव्यागाळी होणार.

"रतन," संदेश म्हणाला. "माझं चुकलं."

रतननं हातातला आकडा ढाप्याच्या कडीत नीट बसवला.

"फांदी लावलीस, तितवर तू माणसात हुतास," तो म्हणाला. "काल सकाळी तुझी आई माझ्या हातावर कण्हत हुती, आन तू माझ्याकडं बोट केलंस. माझ्या बायकोनं ते गावातनं ऐकलं, ती अजून रडती. हाड जुळंल. ह्ये कवा जुळंल, मला ठावं न्हाई."

संदेश खाली मान घालून उभा राहिला. रस्त्यावरून डंपर गेला.

"बगत काय ऱ्हायलास?" रतननं दुसरा आकडा त्याच्यापुढे धरला. "ढापा एकट्याला चढत न्हाई. धर त्या अंगानं."

दोघांनी मिळून ढापा उचलला आणि जागेवर ठेवला. काठचं सिमेंट ओलं होतं, म्हणून रतननं वर निरगुडीची फांदी टेकवली. गल्लीतून बोकड आला, फांदी हुंगली, शिंकरला आणि स्टेशनकडे निघून गेला.